आधी गोगलगायी

ऑगस्ट २०१९ मध्ये सहा पी पफर घरी आणले, तेव्हा मासे पाळून मला बारा वर्षं झाली होती. गप्पी, मॉली, एंजल, मध्ये दोन वर्षं डिस्कससुद्धा. दोन फुटी टाकी चार महिने चालू होती, पाणी मुरलेलं होतं. इंचभराचा मासा जड जाईल असं मनातही आलं नाही. दुकानदार म्हणाला, "गप्प्यांबरोबर सोडा, दाणे खातात." तिसऱ्या दिवशी गप्प्यांच्या शेपट्या कुरतडलेल्या होत्या आणि दाणे तळाशी कुजत पडले होते. दाणा तोंडात घ्यायचा, चघळायचा आणि थुंकायचा, एवढंच ते करत. तीन आठवड्यांत दोन गेले. दोघांचीही पोटं खपाटीला गेलेली.

त्या दोन मृत्यूंचं मला आजही वाईट वाटतं, कारण मासा नाजूक नव्हता, उपाशी होता. शिवाय बहुधा जंतांनी पोखरलेला. दुकानात येणारे हे मासे बहुतेक नदीतून पकडलेले असतात आणि पोटात जंत घेऊनच येतात. हे मी नंतर वाचलं. उरलेल्या चौघांना जंताचं औषध दिलं, तेही हात राखून, कारण यांच्या अंगावर खवले नसतात आणि औषध पटकन बाधतं.

समुद्रातला पफर, म्हणजे केंड मासा, मला लहानपणापासून माहीत होता. मालवणजवळ आजोळी रापणीत तो यायचा, वाळूत टाकला की फुगून टम्म व्हायचा. मामा ओरडायचे, "हात लावू नको, बोट तोडील." त्याच्या चोचीने जाळी फाटतात, म्हणून मच्छीमारांचा त्याच्यावर राग. वर दोन आणि खाली दोन दात जुळून झालेली ती चोच आयुष्यभर वाढत राहते. मोठा केंड आणि माझ्या टाकीतला हिरवट-पिवळा, काळ्या ठिपक्यांचा जीव एकाच कुळातले. फक्त हा गोड्या पाण्यातला, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला. १९४१ मध्ये होरा आणि नायर यांनी पंपा नदीतल्या माशांवरून त्याची शास्त्रीय नोंद केली. त्याच्या शास्त्रीय नावातलं 'ट्रावनकोरिकस' हे तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानावरून.

खरा प्रश्न खाण्याचा होता. हलणारं काही असल्याशिवाय हा मासा सहसा गिळत नाही. सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे छोट्या गोगलगायी. पाणवनस्पतींबरोबर फुकट येणाऱ्या, टाकीवाले ज्यांना वैतागतात त्या. माझ्या टाकीतल्या चौघांनी आठ दिवसांत संपवल्या. मग गॅलरीत लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्या ठेवल्या. त्यात चकलीसारख्या वेटोळ्या शंखाच्या गोगलगायी, उकडलेला पालक, काकडीची चकती. निमुळत्या, कडक शंखाच्या गोगलगायी मात्र मी कधी घातल्या नाहीत. त्यांच्यावर चोच तुटू शकते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दुकानातले जिवंत किडे बंद झाले. तेव्हा बरण्या दोनाच्या पाच झाल्या, शिवाय पाणपिसवांची एक बादली. चार मासे, प्रत्येकाला दिवसाला एक-दोन गोगलगायी, आणि अंड्यातून निघालेली गोगलगाय खाण्याजोगी व्हायला महिना-दीड महिना. हा हिशेब जमवताना माझ्या लक्षात आलं की मी मासे कमी आणि गोगलगायी जास्त पाळतोय. घरच्यांनी गॅलरीतली कपड्यांची दोरी हलवून जागा करून दिली. ते ऋण मोठं आहे.

त्या दिवसांत घरी होतो, म्हणून शिकार नीट बघता आली. मासा गोगलगायीसमोर थांबतो. पाठीवरचा आणि बाजूचे पर इतके भराभर हलतात की दिसेनासे होतात, अंग मात्र जागच्या जागी. शेपूट एका कुशीला वळवलेली. एक डोळा गोगलगायीवर, दुसरा वेगळाच फिरत माझ्याकडे. गोगलगाय शंखातून मान काढेपर्यंत तो कलून, वरून, बाजूने पाहत राहतो. मग एकच झडप. रिकामा शंख गोल गोल फिरत रेतीवर पडतो. इतकं मन लावून बघणारा मासा मी दुसरा पाहिलेला नाही.

चौघांत दोन नर होते. पोटावरून जाणारी काळी रेघ आणि डोळ्यामागच्या सुरकुत्या यावरून ते ओळखता येतात. त्यांची भांडणं झाडोरा दाट केल्यावरच थांबली. पाणी मी आठवड्याला तिसरा हिस्सा बदलत आलो. अर्धं खाऊन अर्धं टाकणाऱ्या माशाला त्याशिवाय गत्यंतर नाही. एकदा जाळीने उचलताना एक मादी हवा गिळून फुगली आणि पोट वर करून तरंगत राहिली. हवा बाहेर पडायला वेळ लागला. तेव्हापासून मी मासा पाण्यासकट पेल्यातूनच हलवतो.

जून २०२१ मध्ये शेवाळात अंडी सापडली, साबुदाण्याच्या दाण्याहून लहान, जेमतेम चार-पाच. पाचव्या-सहाव्या दिवशी पिल्लं निघाली. पहिली खेप सगळी गेली, दुसरीतली दोन जगली. नंतर शेवाळाच्या पाण्यातले सूक्ष्म जीव, मग नुकतेच फुटलेले आर्टेमिया, असा क्रम बसला. २०२२ संपेपर्यंत अकरा पिल्लं मोठी झाली.

हा मासा आययूसीएनच्या धोक्यातल्या जीवांच्या यादीत 'असुरक्षित' गटात आहे. अधिवास ढासळतोय, त्यात हौशी बाजारासाठी पकड. हे कळल्यावर दुकानातून पफर घेणं मी कायमचं थांबवलं. नदीतून आणलेले मासे उपाशी मारायचे आणि पुन्हा नवे आणायचे, हा व्यवहार मला मान्य नाही.

पहिल्या सहांमधली शेवटची मादी जानेवारी २०२४ मध्ये गेली. पोट शेवटपर्यंत गोल होतं. पुढच्याच महिन्यात एका मित्राने तीन पिल्लं मागितली. मी त्याला काकडीची चकती टाकलेली गोगलगायींची बरणी दिली आणि ही भरली की कळव म्हटलं. एप्रिलमध्ये त्याने बरणीचा फोटो पाठवला. काचेवर आतून बोट ठेवायला जागा नव्हती. त्या रविवारी मी पेल्यातून तीन मासे घेऊन गेलो.