टॉर्क रेंच कोणता घ्यावा?

ट्रॉम्बेत टँकरच्या चाकाचे नट आवळताना पान्याला लांब पाईप लावलेला तुम्ही पाहिला असेल. नट घट्ट बसतो, पण किती घट्ट, ते कळत नाही. त्यासाठी टॉर्क रेंच.

समजा, कॅम्पर व्हॅनच्या मॅन्युअलमध्ये 180 न्यूटन-मीटर दिलंय. मग 40 ते 200 चा रेंच नको, 60 ते 340 चा घ्या. आकडा रेंजच्या मधल्या भागात हवा. ‘टक्’ झालं की थांबा.

आट्यांना तेल मात्र लावू नका. जवळपास 90% टॉर्क घर्षणातच जातो. तेलाने घर्षण घटतं, रेंच त्याच आकड्याला ‘टक्’ करतो, पण बोल्ट जास्त ताणला जातो. कधी तुटतोही. कारण रेंच टॉर्क मोजतो, बोल्टमधला ताण नाही.

लॅबमधल्या प्रत्येक उपकरणाला हेच विचारा: तू नक्की काय मोजतंस?