धसकटातली झोप

भाताची झोडणी होऊन धान्य घरात आले की कर्जत-खालापूरची शेते ओस दिसू लागतात. आता थंडी पडेल आणि उरलेली कीड मरेल, असे आपल्याकडे घरोघरी मानले जाते. शाळेत मुलेही आम्हाला हेच सांगतात. पण भाताच्या खोडकिड्याच्या बाबतीत हा समज महागात पडतो.

पिवळ्या खोडकिड्याच्या मादीच्या पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका असतो. ती पानाच्या शेंड्याकडे अंडी घालते. अळी खोडात शिरून आतला भाग खाते. रोप लहान असेल तर मधला पोंगा सुकतो, म्हणजे गाभेमर होते. निसवणीच्या वेळी शिरली तर पांढरी, पोकळ लोंबी उभी राहते. तिला आपण पळिंज म्हणतो.

पीक तयार झाले की अळी खोडातून खाली उतरते आणि धसकटाच्या बुडाशी बसून राहते. तिचे खाणे आणि वाढ दोन्ही थांबतात. हीच सुप्तावस्था.

किड्याचे शरीर आपल्यासारखे आतून गरम राहत नाही. हवा गार झाली की त्याच्या शरीरातली कामे मंदावतात आणि ऊन पडले की पुन्हा सुरू होतात. सुप्तावस्था याहून गाढ असते. दिवस लहान होणे, रात्री गार होणे, पीक जून होणे अशा खुणांवरून किडीच्या शरीरातली संप्रेरके बदलतात. त्याआधी तिने चरबी साठवलेली असते. मग एखादा दिवस उबदार निघाला म्हणून ती लगेच उठत नाही. थंडीत ही चरबी हळूहळू खर्च होते, म्हणून शिधा पुरतो. थंड देशांतल्या बऱ्याच किडींची झोप तर काही आठवडे थंडी सोसल्याशिवाय पुरी होत नाही. जपानमधला भाताचा पट्टेरी खोडकिडा शरीरात ग्लिसरॉल साठवून बर्फाळ हिवाळाही काढतो. आपल्याकडची थंडी त्यामानाने सौम्य. तिने अळी मरत नाही, उलट झोप सांभाळली जाते.

ऊब आणि ओल मिळाली की अळीचा कोष होतो आणि कोषातून पतंग निघतो. त्या वेळी शेतात भात नसेल तर त्याच्या पिढीची उपासमार होते. पण कर्जतमध्ये भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणारे पाणी राजनाल्याने शेतांना मिळते आणि त्यावर उन्हाळी भात होतो. हे पाणी म्हणजे बरकतच. मात्र जवळच जुनी धसकटे उभी असतील तर पतंगाला पुढचे पीक आयते मिळते.

विदर्भात कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचेही असेच आहे. हंगामाच्या शेवटी ती सरकीत सुप्त राहते. २०१७ च्या हंगामात तिने मोठे नुकसान केले. म्हणूनच फरदड घेऊ नका, डिसेंबरपर्यंत कपाशी काढून टाका, असे तिथल्या शेतकऱ्यांना सांगितले जाते.

आपल्यासाठी उपाय साधे आहेत. कापणी जमिनीलगत करावी. जमिनीत ओल आहे तोवर नांगरट करून धसकटे वर काढावीत, गोळा करून नष्ट करावीत. वाल पेरायचा असेल तर त्याच नांगरटीत दोन्ही कामे होतात. राब भाजला म्हणून निश्चिंत राहू नये, कारण ती आग रोपवाटिकेच्या तुकड्यापुरतीच असते. लावणीआधी रोपांचे शेंडे खुडले तर त्यांच्यावरची अंडीही जातात.

एकट्याने केले तर शेजारच्या बांधावरून पतंग येणारच, म्हणून हे काम सगळ्या आळीने मिळून करावे. शंका असेल तर कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात विचारावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे हे केंद्र भातावरच काम करते. अळी झोपेत आहे तोवर नांगराच्या एका फेरीत काम होते. ती उठल्यावर औषधाची बाटली विकत घ्यावी लागते, आणि तो पैसा घरखर्चातूनच जातो.