रक्तवाहिन्यांची पहिली तक्रार

मधुमेह असलेल्या पुरुषाची ताठरता कमी होऊ लागली की तो ही गोष्ट घरातही काढत नाही, दवाखान्यात तर नाहीच. फार झाले तर भिंतीवरच्या जाहिरातीतला नंबर फिरवतो. प्रत्यक्षात हा त्रास अगदी सर्रास आढळतो. २०१७ मध्ये १४५ अभ्यासांतील ८८ हजारांहून अधिक पुरुषांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा मधुमेहींपैकी निम्म्याहून अधिक जणांना तो असल्याचे दिसले. मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत ही शक्यता सुमारे साडेतीन पट होती. त्यामुळे शुगर आणि बीपी ज्या केसपेपरवर लिहिले जाते, त्याच केसपेपरवर ही तक्रारही लिहिली गेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ताठरता म्हणजे मुळात रक्ताचा खेळ. रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. हा थर आणि तिथले मज्जातंतू नायट्रिक ऑक्साइड सोडतात, स्नायू सैलावतात, रक्त भरते. या वायूचे शरीरातील काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. रक्तात साखर सतत जास्त राहिली की या थरात मंद दाह धुमसू लागतो. पोटाच्या चरबीतून येणारी दाहक रसायने त्यात भर घालतात. नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होते आणि जे होते तेही काम करण्याआधीच नष्ट होते. मज्जातंतूंनाही साखरेची झळ बसते, ती वेगळीच.

हा बिघाड शरीरभर चालू असतो, तो आधी दिसतो मात्र इथे. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबीच्या तेवढ्याच थराने अरुंद वाहिनी लवकर अडते, असे इटलीतील डॉ. मोंतोर्सी यांचे म्हणणे आहे. त्यांनी छातीत दुखू लागल्याने आलेल्या, हृदयाच्या धमन्या अरुंद झालेल्या ३०० रुग्णांना विचारले. जवळपास निम्म्यांना ताठरतेचा त्रास होता आणि त्यांतील दोनतृतीयांशांना तो हृदयाच्या लक्षणांआधी, सरासरी तीन वर्षांहून अधिक काळ आधी सुरू झाला होता. ब्रिटनमध्ये हृदयविकाराचा धोका मोजणाऱ्या क्यूरिस्क-३ या पद्धतीत २०१७ पासून ताठरतेचा प्रश्नही आहे. हृदयाच्या मोठ्या उपचारांसाठी ज्या जिल्ह्यातील माणसे अजूनही सोलापूर, लातूर, पुण्याची वाट धरतात, तिथे तीन वर्षांची ही पूर्वसूचना फार मोलाची आहे.

हे सगळे मनाचे असते, असा आक्षेप हमखास येतो. मनाचा वाटा असतोच आणि मधुमेहात नैराश्यही बरेच आढळते. पण मनाची अडचण अनेकदा अचानक येते आणि पहाटेची ताठरता टिकून असते. रक्तवाहिन्यांची अडचण हळूहळू वाढते आणि पहाटही सोडत नाही. वयाचे म्हणाल तर ते खरेच, पण मधुमेहींमध्ये हा त्रास इतरांपेक्षा लवकर सुरू होतो. अधिक वजनदार आक्षेप दाहाबद्दल आहे: तो कारण आहे की नुसता सोबती? याचे अर्धे उत्तर २०१७ च्या कॅन्टोस चाचणीने दिले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांत कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी करणाऱ्या औषधाने पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आजारात दाह सक्रिय भागीदार आहे. यावरून दाहशामक गोळीने ताठरता परत येईल, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. तसे सिद्ध झालेले नाही.

आपल्याकडे आणखी एक समज आड येतो: शुगर जाड माणसाला होते. कळंब, वाशी, भूम या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणारा काटक माणूस स्वतःला सुरक्षित समजतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली चरबी वजनकाट्यावर दिसत नाही, म्हणून कंबर मोजावी लागते.

यावर इलाज आहे, हे ठासून सांगायला हवे. इटलीतच ११० लठ्ठ पुरुषांवर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहार आणि व्यायामाची नीट साथ मिळालेल्या गटातील जवळपास एकतृतीयांश जणांची ताठरता दोन वर्षांत सुधारली आणि रक्तातील दाहाच्या खुणाही उतरल्या. ते मधुमेही नव्हते, त्यामुळे मधुमेहींना फायदा याहून कमी मिळू शकेल. तरी दिशा तीच. तंबाखू आणि विडी सोडणे त्यात आलेच. ताठरतेसाठी दिली जाणारी सिल्डेनाफिलची गोळी उपयोगी आहे, पण ती मूळ आजार मिटवत नाही, आणि छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो. जाहिरातीतल्या ‘शक्तिवर्धक’ पुड्यांमध्ये हेच औषध न सांगता मिसळल्याचे अनेकदा उघड झाले आहे.

आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्यांची शुगर आणि बीपी तपासले जाते. तिथल्या डॉक्टरांनी आणि पुरुष आरोग्यसेवकांनी ताठरतेचा हा एक प्रश्न दार लावून, शांतपणे विचारावा. आणि कुणी विचारले नाही, तरी तुम्ही पुढच्या तपासणीला सांगा आणि त्याच दिवशी कोलेस्टेरॉल व ईसीजीबद्दलही विचारा.