पेंग्विन सगळ्यांचा, उंट प्रकाशकाचा

मुक्त सॉफ्टवेअरचे जग : शुभंकर आणि लोगो

१९९६ मध्ये लिनक्सची २.० ही आवृत्ती येऊ घातली होती आणि या प्रणालीला एखादा चेहरा हवा, अशी चर्चा तिच्यावर काम करणाऱ्या प्रोग्रामरांत रंगली होती. कुणी शार्क सुचवला, कुणी गरुड. इतर प्रणालींच्या लोगोंची टिंगल करणारी चित्रेही आली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना मात्र पेंग्विन आवडायचे. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या प्राणिसंग्रहालयात एका छोट्या पेंग्विनने त्यांना चावा घेतला होता, हा किस्सा त्यांनीच पुढे रंगवून सांगितला. त्यांना हवा होता तो भरपेट मासे खाऊन सुस्तावलेला, फतकल मारून बसलेला गोलमटोल पक्षी.

तो लॅरी यूइंग यांनी काढला. तोही गिम्प या तेव्हा नुकत्याच आलेल्या मुक्त चित्रप्रणालीत. टक्स हे नाव जेम्स ह्यूज यांनी सुचवले. लिनक्सच्या लोगोसाठी स्पर्धा झाल्या तीन आणि टक्सने त्यातली एकही जिंकली नाही. जिंकलेली चित्रे आज कुणाला आठवत नाहीत. टक्स टी-शर्टांवर, पुस्तकांवर, लॅपटॉपच्या झाकणांवर जाऊन बसला.

याचे बरेचसे श्रेय यूइंग यांनी चित्रासोबत दिलेल्या परवानगीला जाते. चित्र वापरा, हवे तसे बदला. कुणी विचारले तर माझे आणि गिम्पचे नाव सांगा, एवढीच त्यांची अट. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ पासून घरोघरी ओळखीची आहे, पण म्हणून कुणी ती आपल्या दुकानाच्या पाटीवर रंगवू शकत नाही. टक्स रंगवता येतो. २००९ मध्ये टास्मानियन डेव्हिल या प्राण्याला होणाऱ्या चेहऱ्याच्या कर्करोगाकडे लक्ष वेधायचे होते, तेव्हा लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.६.२९ आवृत्तीपुरता टक्सला रजा देण्यात आली आणि त्याच्या जागी पेंग्विनची खोटी चोच लावलेला ‘टझ’ आला. कुणाच्या कायदा विभागाची सही घ्यावी लागली नाही.

बीएसडी या युनिक्सच्या शाखेची गोष्ट वेगळी. तिचा शुभंकर म्हणजे शिंगे, शेपूट आणि हातात त्रिशूळ असलेला लाल रंगाचा खोडकर छोकरा, बीस्टी. त्याचे सर्वांत गाजलेले रूप जॉन लॅसेटर यांनी १९८० च्या दशकात काढले. पुढे ‘टॉय स्टोरी’ दिग्दर्शित करणारे तेच लॅसेटर. पण बीस्टीचे हक्क बीएसडीच्या जुन्या विकसकांपैकी एक, मार्शल कर्क मॅक्युसिक यांच्याकडे आहेत. स्वतःपुरता वापर करायला त्यांची ना नाही. मोठ्या प्रमाणावर वस्तू छापायच्या तर त्यांना विचारावे लागते. ते उदार आहेत, पण प्रकल्पाची ओळख एका व्यक्तीच्या संमतीवर टांगलेली राहते.

शिवाय सैतानाचे चित्र कार्यालयात सगळ्यांना रुचत नाही. बीएसडीच्याच नेटबीएसडी या उपशाखेच्या जुन्या लोगोत तर असे अनेक छोकरे संगणकांच्या ढिगाऱ्यावर झेंडा रोवताना दिसत. दुसऱ्या महायुद्धातल्या इवो जिमाच्या प्रसिद्ध छायाचित्राची ती नक्कल होती. चित्र गुंतागुंतीचे, लहान आकारात छापायला अवघड आणि अर्थही नको तितका भडक. २००४ मध्ये नेटबीएसडीने त्यातला फक्त झेंडा ठेवला. फ्रीबीएसडी या दुसऱ्या उपशाखेने २००५ मध्ये स्पर्धा घेऊन लाल गोळ्याला दोन शिंगे असलेला सुटसुटीत लोगो निवडला आणि बीस्टीला शुभंकर म्हणून कायम ठेवले.

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेचा उंट तर प्रकल्पाचा कधी नव्हताच. ओरायली या प्रकाशनसंस्थेने १९९१ मध्ये पर्लवरच्या आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर उंट छापला. पुस्तक इतके गाजले की उंट दिसला की लोकांना पर्ल आठवू लागली. पण त्या संदर्भातला उंट हा ओरायलीचा ट्रेडमार्क. पर्ल फाउंडेशनने स्वतःसाठी निवडला कांदा.

या विषयातला सर्वांत मोठा वाद मात्र फायरफॉक्सवरून झाला. या ब्राउझरचा कोड खुला होता. पृथ्वीगोलाला वेढणारा कोल्हा आणि ‘फायरफॉक्स’ हे नाव तो बनवणाऱ्या मोझिला या संस्थेच्या मालकीचे होते. डेबियन ही लिनक्सची वितरणसंस्था आपल्या तत्त्वांना घट्ट धरून असते. ज्यात बदल करता येत नाही, ते मुक्त नाही, म्हणून लोगो वगळून फक्त नाव वापरू, असे तिचे म्हणणे. नाव हवे तर लोगोही हवा आणि कोडमध्ये केलेले बदल आम्हाला दाखवून घ्या, असे मोझिलाचे म्हणणे. २००६ मध्ये डेबियनने त्याच ब्राउझरला ‘आइसवीझल’ असे नाव देऊन टाकले. हा तिढा सुटायला २०१६ उजाडले. मोझिलाची बाजूही अगदीच चुकीची नव्हती. कोड कुणीही बदलू शकतो. त्यात कुणी हेरगिरीचा मजकूर घुसवून त्यावर तोच कोल्हा चिकटवला, तर फसणाऱ्याने ओळखायचे कशावरून?

यावर व्यवहार्य तोडगा म्हणजे दोन चित्रे ठेवणे, एक राखीव आणि एक सगळ्यांसाठी खुले. गो या भाषेचा निळा गोफर रेने फ्रेंच यांनी काढला. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे श्रेय देऊन तो कुणालाही वापरता येतो, म्हणून जगभरच्या गोप्रेमींनी त्याला हवे ते कपडे चढवले आहेत. २०१८ मध्ये गोने अक्षरांचा स्वतंत्र लोगो आणला, पण गोफरला हात लावला नाही. रस्ट या भाषेतही अशीच वाटणी दिसते. सायकलच्या दातेरी चक्रातला ‘आर’ हा लोगो रस्ट फाउंडेशनचा ट्रेडमार्क, तर फेरिस हा नारिंगी खेकडा अनधिकृत आणि पूर्णपणे सार्वजनिक मालकीचा. २०२३ मध्ये फाउंडेशनने ट्रेडमार्कविषयीच्या कडक नियमांचा मसुदा मांडला, तेव्हा रस्ट वापरणाऱ्यांनी इतका गहजब केला की फाउंडेशनला माघार घेऊन तो नव्याने लिहायला घ्यावा लागला. फेरिसबद्दल भांडायला कुणाला कारणच नव्हते.

मराठी टंक, शुद्धलेखन तपासनीस किंवा एखादे छोटे ॲप खुले करू पाहणाऱ्यांनी यातून तीन कामे उचलावीत. चित्रकाराची परवानगी लेखी घ्यावी आणि ती कोडसोबतच ठेवावी. लोगो राखीव ठेवायचा असेल, तर तसे पहिल्याच दिवशी जाहीर करावे. आणि लोकांना मनसोक्त रंगवता येईल असा एखादा प्राणी त्यांच्या हवाली करावा.