मुक्तिसदनातील विद्यार्थिनी
स्त्रीशिक्षणाच्या वाटा : लेखांक ६

हुजूरपागेसारख्या शाळांत प्रामुख्याने शहरातील सुस्थित घरांतील मुली येत, हे मागील लेखांकात पाहिले. ज्या स्त्रियांना घरच उरले नव्हते, त्यांच्या शिक्षणाची सोय पुणे जिल्ह्यात कोठे होती हे पाहायचे, तर दौंड तालुक्यातील केडगावकडे वळावे लागते.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी काढलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. धर्मांतराच्या वादातून १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. अमेरिकेतील साहाय्यक मंडळाचे आश्वासन दहा वर्षांपुरतेच असल्यामुळे, पुढे फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी या हेतूने रमाबाईंनी पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. मध्य प्रांतातील दुष्काळातून आणलेल्या मुली आणि पुण्यातील प्लेग यांमुळे १८९६-९७ नंतर त्याच माळावर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास, गुजरात-राजपुतान्यातील दुष्काळानंतर, तेथे सुमारे दोन हजार स्त्रिया व मुले राहत होती.

येथील दिनक्रमाचे मुख्य सूत्र उद्योगशिक्षण, म्हणजे अक्षरज्ञानाबरोबर पोटापुरता हुन्नर शिकवणे, हे होते. विद्यार्थिनी वर्गात शिकत आणि विणकाम, शिवण, तेलघाणा, दूधदुभते, शेती यांपैकी एखादे काम हाती घेत. हुशार मुलींना शिक्षिका म्हणून तयार केले जाई, आणि त्यात रमाबाईंनी अमेरिकेत अभ्यासलेल्या बालोद्यान पद्धतीचा, म्हणजे खेळ व वस्तू यांच्या द्वारे लहान मुलांना शिकवण्याच्या रीतीचा, उपयोग होई. छापखान्यात मुली खिळे जुळवीत: शिशाचे एकेक अक्षर उचलून, उलट्या क्रमाची ओळ वाचून पान बांधायचे, हे काम शुद्धलेखनाची आणि नजरेची रोजची परीक्षाच होती. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. त्यांच्या कन्या मनोरमाबाई यांनी अमेरिकेत ब्रेल लिपी, म्हणजे बोटांनी वाचायची उंचवट्याच्या ठिपक्यांची लिपी, शिकून घेतली आणि अंध मुलींसाठी वर्ग चालविला.

ख्रिस्ती उपासना हा या जीवनाचा कणा होता. १९०५ मधील धार्मिक जागृतीनंतर मुलींचे गट प्रचारासाठी आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले. सनातनी व सुधारक या दोन्ही गोटांतून त्यावर झालेली टीका समजून घेतली पाहिजे. पण दुष्काळात टाकून दिलेल्या मुलींना जगवून शिकविण्याची जबाबदारी त्या काळी फार थोड्यांनी उचलली, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदविले पाहिजे.

शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचा विचार पुढील लेखांकात होईल. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाने स्त्रियांना पदवी दिली. केडगावने पदवी दिली नाही, परंतु निराधार स्त्रीने स्वतःच्या पायावर उभे राहणे हे शिक्षणाचे पहिले प्रयोजन आहे, हे तेथे आधीच सिद्ध झाले होते. म्हणून महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास केडगावला वगळून पूर्ण होत नाही.