वर्गात रडू येणारा मुलगा आणि शिक्षकाचे कर्तव्य

प्राथमिक शाळेच्या बहुतेक वर्गांत एखादा तरी मुलगा असा असतो की, ज्याचे डोळे लवकर भरून येतात. धंतोलीतील एखाद्या शाळेत इयत्ता चौथीत असा एक मुलगा आहे, असे समजू. फळ्यावरचे गणित चुकले किंवा गुरुजींचा आवाज किंचित चढला, की त्याचा कंठ दाटून येतो. मागल्या बाकावरून ‘रडूबाई’ असा शब्द येतो, वर्ग हसतो आणि अश्रू अधिकच वाहू लागतात. पुढे उत्तर येत असूनही तो हात वर करीत नाही. काही दिवसांनी पोटदुखीचे निमित्त सांगून घरीच राहतो. त्याचे खरे नुकसान अश्रूंनी होत नाही, ते ह्या भीतीने होते.

असे रडणे हा हट्ट नव्हे. भावना अनावर झाली म्हणजे मेंदूकडून अश्रुग्रंथींना चेतना मिळते व ती क्रिया इच्छेच्या अधीन नसते. म्हणून ‘रडू नकोस’ ह्या आज्ञेचा उपयोग होत नाही. उलट सर्वांच्या नजरा वळल्याने लाज वाढते व लाजेने रडू वाढते. श्वास मात्र पुष्कळ अंशी आपल्या ताब्यात असतो. उपायाचा आरंभ तेथून करावा.

शिक्षकाने मुलाला एकांतात, तो शांत असताना, नाकाने सावकाश श्वास घेऊन त्याहून सावकाश सोडण्यास शिकवावे. ऐन प्रसंगी ही गोष्ट नव्याने शिकता येत नाही. दोघांनी एक खूण ठरवावी. ती करताच त्याने पाणी पिण्यास बाहेर जावे आणि मन स्थिर झाल्यावर परत यावे. परत आल्यावर कोणी चौकशी करू नये, पाठ चालूच ठेवावा. त्याला प्रथम एका मित्रासमोर, मग चौघांसमोर आणि शेवटी वर्गासमोर वाचावयास द्यावे. चिडविणाऱ्यांना समज देणे हे मात्र शिक्षकाचेच काम होय. ते त्या मुलावर टाकू नये.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ ह्या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातील श्याम असाच हळवा आहे. पोहण्याच्या भीतीने तो लपून बसतो, तेव्हा आई त्याला मारून विहिरीकडे धाडते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ. नंतर ती प्रेमाने त्याची समजूतही घालते. तिची तळमळ आणि ती समजूत शिक्षकाने घ्यावी, छडी घेऊ नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्या दोहोंना मनाई आहे. भर वर्गात मुलाच्या अश्रूंची थट्टा करणे हेही शिक्षकास शोभणारे नाही.

पालकांनीही ‘मुलगा असून रडतोस?’ असे म्हणू नये. मूल घरीही वारंवार रडत असेल, त्याची झोप वा भूक कमी झाली असेल, तर कारण विचारावे व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

अश्रू पूर्ण थांबले, हे यशाचे माप नव्हे. डोळे भरून आले असतानाही त्याने फळ्यावरचे गणित पुरे केले, तर शिक्षकाचे श्रम सार्थकी लागले असे समजावे.