पुंगळीच्या मानेवरची पकड

काडतुसात गोळीला धरून ठेवते ती पितळी पुंगळीची मान. ही मान जेमतेम पाव ते एक तृतीयांश इंच लांब असते. बार उडाला की दाबाने ती फुगून चेंबरच्या भिंतीला टेकते आणि थंड झाल्यावरही इतकी सैल राहते की नवी गोळी तिच्यात सरळ आत घसरावी. अमेरिकेत लक्ष्यवेधाचा छंद असलेले हजारो नेमबाज याच पुंगळ्या पुन्हा भरून वापरतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, तिकडे मात्र हा घरच्या टेबलावरचा उद्योग आहे. फुगलेली मान पुन्हा आवळण्यासाठी त्यांच्यातले चोखंदळ लोक डायमध्ये, म्हणजे पुंगळी आवळण्याच्या साच्यात, बुशिंग बसवतात. बुशिंग म्हणजे अर्ध्या इंचाच्या आसपास व्यासाची एक कठीण पोलादी रिंग. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंड गावची रेडिंग कंपनी अशा रिंगा एकेक थाउच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या, फरकाने बनवते आणि प्रत्येकीवर तिचे माप कोरलेले असते. हे कोरलेले माप म्हणजेच गोळीवरची पकड, असे बहुतेक जण धरून चालतात. माझ्या मते या कलेतला सगळ्यात महागडा गैरसमज हाच आहे.

बुशिंग का आले, ते आधी पाहू. साध्या डायला बाजारातली पातळात पातळ पुंगळीही आवळता यावी लागते. म्हणून तो प्रत्येक मान गरजेपेक्षा फार जास्त दाबतो, आणि मग दांडीवरचा गोळा मानेतून उलटा ओढून ती पुन्हा रुंद करतो. पितळ दोनदा राबवले जाते, शिवाय ओढताना मान किंचित तिरकी होण्याचा धोका असतो. बुशिंग हवे तेवढेच दाबते. मापाचा हिशेब सोपा आहे. .308 विंचेस्टरची गोळी 308 थाउ जाडीची आणि मानेची भिंत 15 थाउची असेल, तर भरलेल्या काडतुसाच्या मानेचा बाहेरचा व्यास 338 भरतो. त्यातून दोन वजा करून 336 ची रिंग घ्यायची. रिंगेतून बाहेर पडताच पितळ अर्धा ते एक थाउ उसळून परत फुगते, म्हणून आतली तफावत दोन न राहता एक ते दीडच्या दरम्यान राहते. पाच थाउपेक्षा जास्त आवळायचे असेल तर दोन रिंगांनी टप्प्याटप्प्याने दाबलेले बरे, कारण एकदम दाबलेली मान नेमक्या मापाची उतरत नाही. इथवर कोणाचा वाद नाही.

वाद पुढे सुरू होतो. दीड थाउ म्हणजे 308 च्या अर्धा टक्का. काडतुसाचे पितळ साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असते आणि त्याचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे 110 गिगापास्कल. पुष्कळ वेळा उडवून आणि आवळून कडक झालेले पितळ 430 मेगापास्कलच्या आसपास दम सोडते, म्हणजे त्याची लवचिक ताणण्याची मर्यादा 0.4 टक्के. .308 च्या मानेत हे सव्वा थाउसुद्धा होत नाही. तापवून मऊ केलेले पितळ तर 100 मेगापास्कललाच नमते, आणि तिथे मर्यादा थाउच्या एक तृतीयांशाहूनही खाली येते. त्यापुढे गोळी आत शिरताना स्वतःच मान रुंद करते. म्हणून दोन थाउ कमी मापाची रिंग बदलून चार थाउ कमी मापाची घेतली तरी पकड दुप्पट होत नाही. पकड किती असेल ते पितळ किती कडक आहे, भिंत किती जाड आहे आणि आतला पृष्ठभाग किती घासतो यावर ठरते. एकाच 336 च्या रिंगेतून निघालेली नवी पुंगळी आणि सहा वेळा उडवलेली पुंगळी गोळीला सारखी धरणार नाही. आतली काजळी अल्ट्रासॉनिक यंत्रात धुऊन काढली की उघडे पितळ गोळीच्या तांब्याच्या वेष्टनाला जास्त चिकटून धरते. अशा वेळी मानेत कोरडे ग्रॅफाइट फिरवले की गोळी किती जोराने बसते यातला फरक हाताला लगेच कळतो.

मानेतला ताण किती खरा असतो, याचा सगळ्यात बोलका पुरावा हिंदुस्थानातलाच आहे. ब्रिटिश काळात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेल्या लष्करी काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत, आणि त्याही जिथे पितळ गोळीवर दाबलेले असे तिथेच. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात कोंडलेला ताण यांची ही जोडी होती. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी 1921 मध्ये त्याचा नीट उलगडा केला. उपाय होता पितळ तापवून आतला ताण घालवण्याचा. लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर आजही निळसर-तपकिरी झाक दिसते, ती याच तापवण्याची. पितळाची अवस्था ही गोष्ट मापाइतकीच मोलाची आहे हे कारखान्यांना शंभर वर्षांपूर्वी कळले. छंदी नेमबाज मात्र अजून रिंगा मोजत बसतो.

यावर पहिला आक्षेप अनुभवी लोकांचा येतो. बेंचरेस्ट, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून नेम धरण्याच्या स्पर्धेत 6 मिमी पीपीसी काडतूस वापरणारे मैदानावर बुशिंग बदलतात आणि कागदावरची छिद्रे खरोखर जवळ येतात, मग आकडा निरर्थक कसा? निरर्थक नाहीच. पण त्या पुंगळ्यांच्या माना कातून थाउच्या एक-दोन दशांशांत सारख्या केलेल्या असतात, आणि मोजक्याच पुंगळ्या दिवसभर पुन्हा पुन्हा भरल्या जातात. बाकी सगळे स्थिर केल्यावर उरलेला एक बदल बोलतो. दुकानातून आणलेल्या असमान पुंगळीत तोच बदल गोंगाटात हरवतो. भिंत असमान असेल तर बुशिंग बाहेरून दाबते आणि सगळी असमानता आत, थेट गोळीकडे ढकलते. म्हणून बुशिंगने किंचित जास्त आवळून शेवटी गोळीपेक्षा एक-दोन थाउ बारीक मॅन्ड्रेल, म्हणजे मान आतून रुंदावणारी दांडी, घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मॅन्ड्रेल असमानता बाहेर ढकलतो आणि आतला व्यास सारखा करतो.

दुसरा आक्षेप क्रोनोग्राफचा, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचा. रिंग बदलली आणि वेगातली तफावत निम्मी झाली, असे लोक पाच गोळ्यांच्या जोरावर सांगतात. पाच गोळ्यांवरून काढलेले प्रमाण विचलन सेकंदाला 10 फूट आले, तर खरे मूल्य 95 टक्के खात्रीने 6 ते 29 यांमध्ये कुठेही असू शकते. तीस गोळ्या उडवल्या तर ही कक्षा 8 ते 13 पर्यंत आकसते. दोन रिंगांची तुलना करायची तर प्रत्येकीला तीस तरी गोळ्या द्यायला हव्यात. तेवढी दारू खर्चायची तयारी नसेल, तर निष्कर्षही काढू नये.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. मॅगझिनमधून भरणाऱ्या, विशेषतः अर्धस्वयंचलित रायफलीत सैल गोळी धक्क्याने आत सरकते, दारूची जागा कमी होते आणि दाब धोकादायक वाढतो. तिथे तीन थाउची तफावत किंवा क्रिम्प, म्हणजे मानेचे तोंड गोळीवर दाबून आवळणे, यांना पर्याय नाही. एकेक काडतूस हाताने भरायच्या बोल्ट रायफलीला एक थाउही पुरतो. फक्त गोळी नळीच्या आट्यांना टेकवून बसवली असेल तर न उडवलेले काडतूस काढताना गोळी नळीतच अडकून दारू सांडू शकते, हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा रिंगांचा डबा भरण्याआधी एका रिंगेचे, एका मॅन्ड्रेलचे आणि पुंगळ्या तापवण्याच्या साधनाचे पैसे बाजूला काढा. प्रत्येक फेरीनंतर सगळ्या माना सारख्या तापवा आणि आतून सारख्या ठेवा. गोळी बसवताना एखादी पुंगळी हाताला वेगळी लागली, तर ती सरावासाठी बाजूला ठेवा. हे सगळे जमल्यावरही नेम हलत असेल, तर दुसरी रिंग खुशाल विकत घ्या.